गाडी आली, कागद मागून येतायत

गावातली जुनी गाडी गावातल्याच माणसाने घेऊ नये, असा एक अलिखित संकेत आहे. त्या गाडीचा इतिहास सगळ्यांना पाठ असतो. ती कोणत्या ओढ्यात उतरली, कोणाच्या वरातीत तिच्या टपावर किती पोरं नाचली, इंजिन कितीदा खोललं, हे पानटपरीवरही कळतं. इतकं सगळं माहीत असताना पैसे मोजायला फार मोठं मन लागतं. त्यामानाने दीड हजार किलोमीटरवरची गाडी निष्कलंक असते, कारण तिच्याविषयी वाईट बोलणारा एकही माणूस हाकेच्या अंतरावर नसतो.

महाराष्ट्रातून असा गिऱ्हाईक निघाला की तो बहुधा दिल्लीला जातो. याचं श्रेय दिल्लीच्या हवेला. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल, दोन्हींवर शिक्कामोर्तब केलं. बाकी देशात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे साडेनऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीत शेवटच्या घटका मोजत असते आणि सांगली जिल्ह्यात तीच गाडी नवरदेवाला आणायला चालते.

या घटकाही नीट मोजता येत नाहीत. १ जुलै २०२५ पासून मुदत संपलेल्या गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. नंबर वाचणारे कॅमेरे बसले, पोलीस उभे राहिले, आणि दोन-तीन दिवसांतच दिल्ली सरकारने हे आत्ता जमणार नाही असं कळवून टाकलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या वयावरून मालकांवर कारवाई करू नका असा अंतरिम आदेश दिला. पुढे त्यातही फेरबदल झाले. अशी प्रत्येक बातमी आली की दिल्लीतला विकणारा हबकतो आणि इकडचा घेणारा रेल्वेचं वेळापत्रक उघडतो.

यातली खरी गंमत गाडीच्या जन्मगावात आहे. महिंद्राची एक्सयूव्ही ५०० ही गाडी २०११ साली बाजारात आली ती चाकणच्या कारखान्यातून. स्कॉर्पिओ नाशिकची. टाटांची सफारी आणि सुमो पिंपरीच्या. म्हणजे चाकणची लेक दिल्लीला दिली, तिने तिथे दहा वर्षं निमूट संसार केला, कोर्टाने तिला घराबाहेर काढलं आणि ती माहेरच्या वाटेला लागली. माहेरचं आरटीओ मात्र तिला ओळख दाखवत नाही. परराज्यातून आलीस, आधी कागद दाखव, म्हणतं.

समजा, विट्याचे एक गृहस्थ आहेत. खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात विट्याकडचा एखादा चुलतभाऊ निघतोच. दिल्लीतही असतो. त्यामुळे मोहिमेचा राहण्या-जेवण्याचा खर्च वाचतो आणि गाडी आधी बघून यायला घरचा माणूस मिळतो. हा चुलतभाऊ सोन्यातली तोळ्यामागे गुंजभर भेसळ काढून दाखवेल. गाडी बघून आल्यावर त्याचा निरोप येतो, "पांढरी आहे. छान आहे." तेवढ्यावर विसार पाठवला जातो.

अशा मोहिमेला तीन माणसं लागतात. पहिला मालक. पैसे त्याचे, त्यामुळे त्याच्या मताला फारशी किंमत नसते. दुसरा जाणकार. याचं गॅरेज असेलच असं नाही, पण गॅरेजच्या बाकड्यावर बसून त्याने चहा पुष्कळ प्यायलेला असतो. तिसरा मेहुणा. त्याचं काम गाडी आलटून-पालटून चालवण्याचं, असं घरी सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात त्याला लाल किल्ला बघायचा असतो.

मिरज-साताऱ्यावरून जाणारी गोवा एक्स्प्रेस या तिघांना थेट हजरत निजामुद्दीनला नेऊन सोडते. परतीचं तिकीट काढलेलं नसतं. काढणार कशाला, गाडी घेऊनच यायचंय की! सौद्यातली सगळ्यात महाग चूक ती हीच, आणि ती मिरजेच्या तिकीट खिडकीवरच झालेली असते. तीन माणसं, तीन बॅगा, एक चिवड्याचा डबा आणि गाडीला बांधायला घरून आणलेला लिंबू-मिरची, हे सगळं डीलरच्या दुकानात शिरलं की त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. ही मंडळी रिकाम्या हाताने परत जाणार नाहीत, हे त्याला बॅगांवरून कळतं.

दिल्लीत जुन्या गाड्यांचा जुना बाजार करोल बागेत आहे. रस्त्याच्या कडेला नाकाला नाक लावून उभ्या असलेल्या गाड्या आणि प्रत्येकीच्या टायरला बूट पॉलिश करावं तसं काळं द्रव्य फासलेलं. या बाजाराची स्वतःची लोकसंख्या-गणना आहे. इथली प्रत्येक गाडी एकतर डॉक्टरची असते, नाहीतर बाईची, नाहीतर परदेशी गेलेल्या मुलाच्या वडिलांची. वकील, कंत्राटदार आणि कॉलेजात जाणारी मुलं दिल्लीत गाड्या वापरत नसावीत.

"सर जी, डॉक्टर साहब की गाडी है. घर से क्लिनिक, क्लिनिक से घर."

"कितना चली?" जाणकार विचारतो.

"सिर्फ बावन हजार."

जाणकार खाली वाकून क्लचचं पॅडल बघतो. रबरावरच्या रेघा पार पुसून ते गुळगुळीत झालेलं असतं. बावन्न हजारांत एवढं झिजत नाही.

"डॉक्टर साहब का पैर थोडा भारी है," डीलर म्हणतो.

इथून पुढचा अर्धा तास जाणकाराचा. आणि खरं सांगायचं तर त्याला बऱ्याच गोष्टी कळतात. गाडीच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात निर्मितीच्या वर्षाची बारीक खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि सहावी दुसऱ्या वर्षाची निघाली, तर त्या बाजूने काहीतरी येऊन गेलेलं आहे. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. डीलर त्याला "बिलकुल नया" म्हणतो, कारण पॉलिश सकाळचं असतं. दाराचं रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघायचे, बोनेटचे बोल्ट कधी फिरवलेत का ते रंगावरून ताडायचं, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी.

शेवटी तो मागच्या सीटवर बसतो आणि सीटबेल्ट ओढतो. ओढतच राहतो. साधारणपणे कोणी बाहेर काढत नाही तेवढा, अगदी गुंडीच्या तळापर्यंत. सांगलीकडच्या माणसाला ही सवय ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरानंतर लागली. बुडालेली गाडी धुता येते, सीटची कव्हरं बदलता येतात, अत्तर मारता येतं, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या वेढ्यांवर पाण्याची गढूळ रेघ राहून जाते. दिल्लीतही जुलै २०२३ मध्ये यमुनेने २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली होती, हे जाणकार डीलरला ऐकवतो. डीलर पहिल्यांदाच त्याच्याकडे आदराने बघतो आणि चहा सांगतो.

पण गाडीचं खरं चरित्र वाचायचं तर पत्रा सोडून चलन बघावं. वाहनाचा नंबर टाकला की थकलेली ई-चलनं मोबाईलवर दिसतात, तारीख, वेळ, ठिकाण आणि काही वेळा फोटोसकट. दिल्लीत वेग मोजणारे कॅमेरे भरपूर. त्यामुळे घर ते दवाखाना एवढंच जाणाऱ्या गाडीचं एखादं चलन रात्री सव्वादोनचं निघतं, जयपूरच्या रस्त्यावरचं. रुग्ण फारच अत्यवस्थ असणार. सर्व्हिसच्या नोंदी मागवल्या तर आणखी मौज. एका वर्षी गाडी शहाऐंशी हजार चाललेली असते आणि पुढच्या वर्षी बावन्न हजार. काही गाड्या वापरून कमी होत जातात.

मग भाव. मालक बोलायला तोंड उघडतो तेवढ्यात मेहुणा म्हणतो, "दाजी, रंग लई भारी आहे." इथे किमान वीस हजारांचं नुकसान होतं. डीलरला मराठी येत नसलं तरी 'भारी' कळतं. तो सांगतो की जीएसटी वाढलाय, आमच्या हाती काही नाही. वाढला हे खरंच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेत जुन्या गाड्यांच्या धंद्यावर सरसकट १८ टक्के दर ठरला. पण तो डीलरच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. दुर्दैवाने त्याच बैठकीत पॉपकॉर्नच्या कराचाही विषय निघाला आणि साऱ्या देशाने पॉपकॉर्नवर बोलणं पसंत केलं. गाड्यांचं नेमकं काय ठरलं, हे करोल बागेतला डीलर आपल्या सोयीने सांगायला मोकळा राहिला.

सौदा ठरतो. गाडी या घडीला निघायला तयार असते आणि इथूनच तिची व कागदांची ताटातूट सुरू होते. गाडीला एक किल्ली पुरते. कागदांना नमुना २८ लागतो, म्हणजे दिल्लीचं ना-हरकत प्रमाणपत्र. नमुना २९ आणि ३० लागतात, मालकी बदलायला. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायला नमुना ३५ आणि बँकेचं पत्र. गाडी चोरीची नाही याचा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडचा दाखला. विमा, पीयूसी, विकणाऱ्याचं आधार, आणि नव्याने गाडी घेतली तेव्हाचं मूळ बिल. हे बिल दहा वर्षांपूर्वी डॉक्टरसाहेबांनी नक्की कुठेतरी जपून ठेवलेलं असतं.

एप्रिल २०२३ पासून नियमांनी जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरलाही जबाबदार धरलंय. गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तोच, आणि गाडी बाहेर काढली तर कोणी, कशासाठी, किती किलोमीटर नेली याची नोंदवही त्याने संगणकावर ठेवायची. नियम वाचून कोणालाही धीर येईल. करोल बागेत विचारल्यावर डीलर टेबलाच्या खणातून एक वही काढतो. तिच्यात चहाचा हिशेब असतो.

ना-हरकत प्रमाणपत्र हे एका विशिष्ट आरटीओच्या नावाने निघतं, हे लक्षात ठेवण्यासारखं. विट्याची गाडी सांगलीला लागते, नंबर एमएच-१०. डीलरचा पोऱ्या संगणकावर यादी उघडतो, महाराष्ट्राच्या खाली पन्नासेक नावं येतात. पुण्याच्या पलीकडचं सगळं त्याला सारखंच. तो सातारा निवडतो. मालक ओरडतो, "सातारा नको, सांगली!" पोऱ्या समजूत घालतो, "अंकल, पासही तो है." चूक तिथल्या तिथे सापडली तर नशीब. विट्यात आल्यावर सापडली तर चुलतभावाला गलाईची भट्टी बंद ठेवून आरटीओच्या फेऱ्या घालाव्या लागतात.

आणि या सगळ्या संगणकीय व्यवहाराच्या मध्यभागी एक शिसपेन्सिल असते. चेसिसवर कोरलेला सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर कागदावर उठवून द्यावा लागतो. नंबरावर पातळ कागद ठेवायचा, कडेला चिकटपट्टी लावायची आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. शाळेत पोरं एक रुपयाच्या नाण्यावर हेच करतात. डीलरचा पोऱ्या बोनेटखाली डोकं घालून तीन प्रिंट काढतो. दोन फॉर्मना, एक राहू दे म्हणून. नंतर असं कळतं की ती राहू दे म्हटलेलीच कामाला आली, कारण उरलेल्या दोन्हीत आठचा आकडा शून्यासारखा उठला होता.

कागद दिल्लीत ठेवून गाडी निघते. चावी फिरवल्याबरोबर इंधनाचा पिवळा दिवा लागतो. जगात कुठेही जुनी गाडी विकली जाते तेव्हा तिच्या टाकीत जवळच्या पंपापर्यंत पुरेल एवढंच इंधन असतं. हे प्रमाण डीलर ज्या अचूकतेने सांभाळतात, तेवढी अचूकता त्यांनी किलोमीटरच्या आकड्यात दाखवली असती तर या लेखाचे निम्मे परिच्छेद वाचले असते. पंपावर टाकी भरताना मेहुणा डिकी उघडतो. स्टेपनी आहे. जॅक नाही. पाना आहे, तो दुसऱ्या गाडीचा.

रस्ता विचारायचं मात्र कारण नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ दिल्लीहून निघतो आणि जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, ठाणे, पुणे, सातारा करत कराडला येतो. पुढे तो कोल्हापूर, बंगळूरवरून चेन्नईपर्यंत जातो, सगळा मिळून अठ्ठावीसशे किलोमीटरच्या आसपास. विट्याच्या माणसाला त्यातले सतराशेच्या आसपास पुरतात. गुरुग्रामला रस्त्यावर यायचं आणि कराडला डावीकडे वळायचं. मधल्या काळात मोबाईलमधली बाई 'सरळ चला' म्हणून म्हणून थकते.

पहिले शंभर किलोमीटर कोणी बोलत नाही. तिघंही आवाज ऐकत असतात. नव्या गाडीत माणसं गाणी लावतात, जुन्या गाडीत बंद करतात. डावीकडून खालून 'टक' येतो. जाणकार म्हणतो, बुश गेलं. मेहुणा म्हणतो, शॉकअप्सर. मालक काही म्हणत नाही, तो मनात आकडेमोड करत असतो. कोटपुतलीच्या ढाब्यावर थांबल्यावर शोध लागतो की दाराच्या कप्प्यात चुलतवहिनीने दिलेली लोणच्याची बरणी आहे. तिघांचा जीव भांड्यात पडतो. पुन्हा निघाल्यावर टक येतोच. बरणी आता मेहुण्याच्या मांडीवर असते.

उदयपूरच्या पुढे डोंगर उतरून गाडी शामळाजीला गुजरातेत शिरते. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी, आणि राजस्थानच्या या हद्दीवरून चोरटी दारू आत जाते म्हणून पोलिसांचं लक्ष. रात्रीची वेळ, दिल्लीचा नंबर, आत तीन गडी, आणि कागदांवरचं नाव तिघांपैकी कोणाचंच नाही. पोलीस गाडी बाजूला घेतो. डिकी उघडली जाते. करोल बागेतून मेहुण्याने घेतलेले बुटांचे दोन जोड, लोणचं, चिवड्याचा उरलेला डबा, वहिनींना दिलेल्या साडीच्या बदल्यात आलेली शाल. पोलीस बरणीचं झाकण उघडून वास घेतो आणि विचारतो, "कहाँ के?" "विटा." "वो कहाँ?" मग सांगलीपासून सुरुवात करून हळद, द्राक्षं, कृष्णा नदी असा भूगोलाचा तास होतो. विक्रीचं पत्र, मूळ आरसी, विमा आणि सही केलेले फॉर्म जवळ असले की तो तास दहा मिनिटांत सुटतो. नसले तर लांबतो.

याच वेळी दिल्लीत एक माणूस जागा असतो. गाडीच्या काचेवर अजून त्याचाच फास्टॅग आहे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, आणि टॅग नसेल तर जास्त टोल भरावा लागतो. म्हणून गाडी घरी पोहोचेपर्यंत जुनाच टॅग राहू द्यायचा आणि पैसे मालकाने डॉक्टरसाहेबांना पाठवायचे, असं ठरलेलं असतं. प्रत्येक टोलनाक्यावर इकडे फाटक उघडतं आणि तिकडे डॉक्टरांचा मोबाईल वाजतो. आयुष्यात त्यांनी या गाडीतून इतका प्रवास केला नसेल. पहाटे भरूचच्या आसपास त्यांचा संदेश येतो, "रात को ड्राइव मत कीजिए, चाय पी लीजिए." मालक गहिवरतो. माणसं चांगली आहेत हो दिल्लीची!

चांगली आहेतच. पण ती काळजी निव्वळ मायेची नसते. आरसीवर जोवर आपलं नाव आहे, तोवर कायद्याने मालक आपणच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात ज्याला अपघाताची भरपाई द्यायला सांगितलं, त्याने गाडी कधीच विकून टाकली होती. पुढे ती आणखी हातांतून गेली होती. पण नोंदणी बदलली नव्हती. विम्याचंही असंच त्रांगडं. दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या भरपाईसाठी पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करून घ्यावी लागते. नो क्लेम बोनस तर माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो डॉक्टर स्वतःकडेच ठेवतात.

महाराष्ट्रात शिरल्यावर वेगळीच अडचण. पुणे ओलांडून खेड शिवापूरला जेवायला थांबावं तर वेटर पुढची पाटी बघून म्हणतो, "बोलो भाईसाब, क्या लाऊँ?" दोन दिवस हिंदी बोलून जीभ वळलेली, त्यामुळे मालकही म्हणतो, "तीन थाली." दोन मराठी माणसं पाच मिनिटं एकमेकांना हिंदीत पोळ्या वाढतात. जाणकार जेव्हा मेहुण्याला "ठेचा घे की लेका" म्हणतो, तेव्हा वेटर बिलाचा कागद फाडून नवा लिहितो. तो का फाडला, हे कोणी विचारत नाही. पुढे आनेवाडी, तासवडे, आणि कराडला ब्लिंकर डावीकडे. डॉक्टरांचा मोबाईल शांत होतो.

विट्यात गाडीच्या स्वागताला नारळ, हळदकुंकू आणि अख्खी आळी. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "कितीला पडली?" मालक खऱ्या किमतीतून थोडे वजा करून सांगतो. ऐकणारा आणखी थोडे वजा करून म्हणतो, "तेवढ्यात हितंच मिळाली असती." हे वाक्य म्हणायला गाडी बघावी लागत नाही. म्हातारे वडील गाडीभोवती एक फेरी मारतात, काचेवरच्या नारिंगी गोल स्टिकरवर बोट ठेवतात आणि विचारतात, "हे काय, देवस्थानचं आहे का?" ती दिल्लीची खूण. डिझेलला नारिंगी, पेट्रोल आणि सीएनजीला फिका निळा, म्हणजे प्रदूषणाच्या दिवसांत कोणाला अडवायचं ते लांबून कळावं. वडील स्टिकरला कुंकू लावून मोकळे होतात.

कागद अजून आलेले नाहीत.

परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, असं मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम सांगतं. बारा महिने हा शब्द ऐकून मालक निवांत होतो. तीच घातवेळ. ना-हरकत येते तेव्हा त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यात एका 'कुमार'चा फरक निघतो. तो दुरुस्त होतो तोवर पीयूसी संपते. पीयूसी होते तोवर विमा संपायला येतो. मग गाडी सांगलीला पासिंगला न्यायची, तिथे साहेब पुन्हा चेसिस नंबर बघणार, आणि एजंटाचा पोऱ्या पुन्हा पेन्सिल घेऊन बोनेटखाली शिरणार.

पुढे कर. दिल्लीत सहा ते दहा लाखांच्या नव्या पेट्रोल गाडीला ७ टक्के कर लागतो, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११. डिझेलला तिकडे पावणेनऊ, इकडे १३. जुनी गाडी आणली की वयाप्रमाणे घट धरून इथला कर भरायचा, आणि दिल्लीत आधी भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागायचा. इथला कर आधी भरावा लागतो, तिथला परतावा नंतर मिळतो. परतावा मागायचा तर इथे नोंदणी झाल्याचा पुरावा घेऊन दिल्लीच्या कार्यालयात अर्ज करायचा. चुलतभाऊ आता फोन उचलत नाही. वहिनी उचलतात आणि म्हणतात, "ते भट्टीवर आहेत."

हिशेब मांडायला जाणकारालाच बोलावलं जातं, कारण गाडी त्याच्या सल्ल्याने घेतली. तो पाकिटाच्या पाठीवर दोन रकाने पाडतो. गाडीची किंमत, कर, एजंट, चार टायर, बॅटरी, डावीकडचं बुश (टक तिथूनच येत होता) हे एका रकान्यात. रेल्वेचं तिकीट, साडी, मेहुण्याचे बूट, जयपूरचा हवामहल, नाथद्वाऱ्याचं दर्शन हे दुसऱ्या. दुसरा रकाना धरायचा नाही, ती ट्रिप होती. टायरही धरायचे नाहीत, ते कोणत्याही गाडीला लागलेच असते. परतावा मात्र धरायचा, तो येणारच आहे. अशा पद्धतीने मांडलेल्या हिशेबात दिल्लीची गाडी आजवर कोणालाही महाग पडलेली नाही.

आता फक्त नवा नंबर यायचा राहिला. आरटीओकडून जो येईल तो फुकट. पण एवढं सगळं केल्यावर जो येईल तो कसा घ्यायचा? सरकारी शुल्क भरून पसंतीचा नंबर घेता येतो, आणि मालकाने तो आधीच हेरून ठेवलेला असतो. रात्री जेवताना तो बायकोजवळ हळूच विषय काढतो. चार आकडे, बेरीज नऊ, गुरुजींनी सांगितलंय, थोडे पैसे जास्त जातील एवढंच.

"बेरीज किती म्हणालात?"

"नऊ."

"नंबरची नव्हे हो," ताटात भात वाढत ती म्हणते, "खर्चाची."